पडण्याच्या आधीचा फोटो

गेल्या दिवाळीत घरी गेले होते. आईने करंज्यांसाठी खोबरं किसलं, किसणी धुतली आणि गॅलरीत उन्हात ठेवली. ती आत आणायला उचलली तेव्हा मागच्या भिंतीवर तिची सावली पडली आणि मी तिथेच थांबले. किसणीची भोकं टोकदार, वाकडीतिकडी. भिंतीवर पडलेले उजेडाचे ठिपके मात्र गोल! किसणी भिंतीजवळ नेली की ठिपके भोकांच्या आकाराचे होत. लांब नेली की गोल. आणखी लांब नेली की ते एकमेकांत मिसळायचे आणि नुसता धूसर उजेड उरायचा.

पुढचा तासभर मी फोनवर फोटो काढत बसले. पाट भिंतीला टेकवून त्यावर ड्रॉइंगचा कागद लावला. एकाआड एक भोकं चिकटपट्टीने बंद केली. मग झारा आणला, मग चहाची गाळणी. "भांडी घासून जागेवर ठेवायची असतात, नाचवायची नसतात," असं आई दोनदा म्हणून गेली. एकूण ४३ फोटो झाले. त्यातले ३ छान आले होते. ते ठेवले, स्टेटसला टाकले आणि उरलेले ४० पुसून टाकले.

संध्याकाळी अकरावीतला आतेभाऊ फराळाला आला. स्टेटस बघून त्याने एकच प्रश्न विचारला, "ताई, किती अंतरावर गोल व्हायला लागतात गं?"

उत्तर दुपारपर्यंत माझ्याकडे होतं. ते त्या ४० फोटोंमध्ये होतं.

ठिपके गोल का होतात हे तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत असेल. प्रत्येक बारीक भोक हा एक सूचिछिद्र कॅमेरा असतो आणि भिंतीवरचा ठिपका ही सूर्याची प्रतिमा असते. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून एक मीटर अंतरावर ही प्रतिमा जेमतेम ९ मिलिमीटरची येते. भोक त्या मानाने लहान असेल, तर त्याचा आकार पुसला जातो आणि सूर्याचा गोल उरतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण 'माझ्या किसणीसाठी हा बदल नेमका कुठे होतो' हे मला सांगता आलं नाही. ते दाखवणारे फोटो 'चांगले आले नाहीत' म्हणून मीच काढून टाकले होते.

हा किस्सा सांगायचं कारण आहे. तुमच्यापैकी बरेच जण आता नेट-सेट किंवा पेटची तयारी करताय, प्रपोजल लिहिताय. 'सर्जनशील व्हा', 'खेळकर राहा', 'मोकळेपणाने विचार करा' हे सल्ले तुम्हाला सगळीकडून मिळतात. 'घरातल्या वस्तूंचे फोटो काढा, मन मोकळं होईल' हाही त्यातलाच एक. सल्ला वाईट नाही. पण खेळ म्हणजे नेमकं काय, हे त्यात कुणी सांगत नाही. म्हणून आज एका छायाचित्रमालिकेबद्दल लिहितेय. मला ती फार आवडते, आणि तिच्याबद्दल माझी एक तक्रारही आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील तर स्थिरचित्र तुम्हाला माहीत आहे. टेबलावर चादर, त्यावर तांब्या, एखादी बाटली, दोन कांदे, आणि भोवती गोल करून बसलेले आपण. वस्तू हलत नाहीत हे तिथे गृहीत असतं. स्थिरचित्राच्या या 'स्थिर'पणालाच दोन स्विस कलाकारांनी हात घातला. झुरिकचे पीटर फिश्ली आणि डेव्हिड वाइस. १९७९ पासून २०१२ मध्ये वाइस यांचं निधन होईपर्यंत दोघांनी जोडीने काम केलं.

त्यांचं पहिलं एकत्र काम १९७९ चं. 'वुर्स्टझेरी', म्हणजे सॉसेजची मालिका. दहा रंगीत फोटो. सॉसेज आणि मांसाचे पातळ काप घेऊन घरातच उभी केलेली दृश्यं. एका फोटोत मांसाचे काप गालिचे झालेत आणि ते गालिच्याचं दुकान आहे. एकात सॉसेजच्या गाड्यांची टक्कर झालीय. एकात गाद्या-उशांचे डोंगर झालेत. लहानपणी आपण काड्यापेटीची आगगाडी करायचो, तसलाच प्रकार. काही लपवलेलं नाही. सॉसेज सॉसेजच दिसतं आणि तरी गाडीही दिसते.

मला ज्या मालिकेबद्दल बोलायचंय ती यानंतरची, १९८४ ते १९८६ च्या सुमाराची. तिचं एक नाव 'श्टिलर नाखमिटाग', म्हणजे 'शांत दुपार', आणि दुसरं 'एक्विलिब्र', म्हणजे संतुलनं. खुर्च्या, बाटल्या, बूट, टायर, स्वयंपाकघरातली हत्यारं, भाज्या. घरात आणि अडगळीत सापडेल ते एकमेकांवर, एकमेकांच्या आधाराने, जेमतेम तोललेलं. पार्श्वभूमी साधी, उजेड थोडा नाटकी, मागे मोठी सावली. रचना कॅमेऱ्यापुरती उभी राहते. फोटो निघतो. पुढे काय होतं ते फोटोत नसतं, पण आपल्याला ते ठाऊक असतं.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे फोटो बघताना एक जास्तीची गंमत मिळते. वस्तुमानकेंद्रातून काढलेली उभी रेषा आधाराच्या तळातून गेली, तर वस्तू उभी राहते. तळ एका टोकाएवढाच असेल आणि वस्तुमानकेंद्र वर असेल, तर ते अस्थिर संतुलन. बारीकसा धक्का लागला तरी तो वाढत जातो. पण वस्तुमानकेंद्र आधाराच्या खाली लटकलं असेल, तर रचना दिसायला धोक्याची आणि प्रत्यक्षात मजबूत असते. दोन काटेचमचे एकमेकांत अडकवून, त्यांच्यात काडी खोचून ती ग्लासाच्या काठावर तोलण्याचा खेळ तुम्ही पाहिला असेल. तो पडत नाही तो यामुळेच. 'एक्विलिब्र'मधल्या प्रत्येक फोटोसमोर मी हा प्रश्न विचारते. हे खरोखर पडण्याच्या बेतात आहे, की पडेल असं नुसतं दिसतंय? दरवेळी उत्तर मिळत नाही. पण डोळे फोटोभर फिरतात. वजन कुठे आहे, घर्षण कुठे आहे, कुठली वस्तू काढली तर सगळं कोसळेल, हे शोधत राहतात. छायाचित्राने बघणाऱ्याला इतकं कामाला लावावं, हे मला मोठं वाटतं.

दुसरी ताकद नावांमध्ये आहे. एका रचनेच्या नावात मिसेस पेअर आपल्या नवऱ्याला ऑपेराला जाण्यासाठी इस्त्रीचा शर्ट आणून देतात आणि मुलगा सिगरेट ओढत असतो. दुसऱ्या एका रचनेच्या नावात थेट पिरॅमिडचं रहस्य आहे. वस्तू फडताळातल्या आणि नावं महाकाव्यातली. आपल्या थिसिसच्या शीर्षकांकडे बघा. 'अमुक पदार्थाच्या तमुक गुणधर्मांचा सखोल अभ्यास', आणि आत काचेच्या चार पट्ट्या! फिश्ली-वाइस हसतात ते या अंतराला. आपणही ते अंतर ओळखून हसायला शिकलो तर बरं.

आता तक्रार.

'एक्विलिब्र'मधला प्रत्येक फोटो मला शोधनिबंधासारखा दिसतो. सगळं उभं राहिलं तो एकच क्षण त्यात आहे. त्याआधी खुर्ची किती वेळा पडली, बाटली कितव्यांदा टिकली, कोणता बूट जड निघाला म्हणून बदलला, यातलं काहीच नाही. पडणं हाच विषय असलेल्या मालिकेत एकही पडलेली गोष्ट नाही. संपूर्ण खेळ पडझडीवर उभा, आणि चित्रातून पडझडच वजा.

तुम्ही म्हणाल, फोटो हा फोटो असतो, त्यात ती आधीची तासाभराची धडपड कुठून येणार? बरोबर आहे. शिवाय बघणाऱ्याला पडणं माहीत असतं म्हणून तर तो हसतो. फोटो ते दाखवत नाही, पण नाकारतही नाही. इथपर्यंत मी कलाकारांच्या बाजूने आहे. शोधनिबंधाचं तसं होत नाही. तो वाचताना नवा विद्यार्थी हसत नाही. त्याला वाटतं, यांचं पहिल्याच फटक्यात जमलं आणि माझंच जमत नाहीये. 'एक्विलिब्र'चा प्रेक्षक जाणता असतो. निबंधाचा पहिला वाचक, म्हणजे तुम्ही, तसा नसतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी काचपट्ट्यांवर झिंक ऑक्साइडचे पातळ थर देते. द्रावण टाकायचं, काच गरगर फिरवायची, वाळवायचं, तापवायचं. थर वाळताना आक्रसतो, पण खाली काचेला चिकटलेला असल्यामुळे त्याला मोकळेपणी आक्रसता येत नाही. ताण साठतो आणि जाडी एका मर्यादेपलीकडे गेली की थराला तडे जातात. पहिली दोन वर्षं तडा गेलेली प्रत्येक पट्टी मी टाकून दिली. वहीत फक्त चांगल्या पट्ट्या. तिसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी विचारलं, "तडे कडेकडून सुरू होतात की मधून?" मी गप्प. दोन वर्षांत शेकड्याने तडे पाहिले होते, पण एकही बघितला नव्हता. मॅडम रागावल्या नाहीत. "मग त्या दोन वर्षांचं काय केलंस?" एवढंच म्हणाल्या. तो प्रश्न अजून टोचतो. आतेभावाने किसणीबद्दल विचारलं तेव्हा मला आधी हीच खोली आठवली.

म्हणून या मालिकेनंतर फिश्ली-वाइस यांनी काय केलं, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. वस्तू तोलता-तोलता त्या पडत होत्या, आणि पडताना शेजारच्या वस्तूला धक्का देत होत्या. या खेळातूनच त्यांच्या पुढच्या कामाची कल्पना निघाली. १९८७ चा 'डेर लाउफ डेर डिंगं'. इंग्रजीत 'द वे थिंग्ज गो'. सुमारे तीस मिनिटांची फिल्म, माणूस एकही नाही. एका गोदामात मांडलेल्या वस्तू एकामागोमाग एक हलतात. टायर घरंगळतो, फळी कलते, द्रव सांडतो, फेस येतो, काहीतरी पेटतं, आणि त्याने पुढचं काहीतरी सुटतं. 'एक्विलिब्र'मध्ये जे फोटोच्या बाहेर ठेवलं होतं, तेच इथे नायक झालं. पडणं हा अपघात न राहता विषय झाला. संशोधनाच्या भाषेत बोलायचं, तर ज्याला आधी त्रुटी म्हणत होतो त्यालाच मोजायची राशी केलं.

यालाही भाबडेपणाने बघू नका. फिल्म सलग एकाच दमात घेतल्यासारखी वाटते, पण तिच्यात लपवलेले काट आहेत. ज्या वेळी टायर मध्येच थांबला असेल, तो फिल्ममध्ये नाही. म्हणजे इथेही पडणं ठरवून पाडलेलं आहे. तरी फरक मोठा आहे. दोघे ज्याने हैराण होत असतील त्याकडेच त्यांनी वळून पाहिलं. ते बाजूला झाडून टाकलं असतं, तर ही फिल्म झाली नसती.

आता ही मालिका एकटी बघू नका. तिच्याशेजारी तीन जुनी कामं ठेवा. तिघांनी आपापल्या पद्धतीने याच प्रश्नाला तोंड दिलंय.

पहिला विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. गणितज्ञ, आणि कागदी निगेटिव्हवरून छायाचित्र छापण्याची पद्धत काढणारा. १८४४ ते १८४६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'द पेन्सिल ऑफ नेचर' या पुस्तकात फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचा एक फोटो आहे आणि काचसामानाचा एक. घराच्या कपाटात असतात तसल्या वस्तू. मला आवडतो तो काचसामानासोबतचा मजकूर. त्यात टॅल्बट चक्क अडचण सांगतो. पांढरी चिनी भांडी आणि काच एकत्र ठेवून फोटो नीट येत नाही. भांडी जास्त उजळ असल्यामुळे त्यांची प्रतिमा पुरी होते तेव्हा काचेची जेमतेम सुरू झालेली असते. काचेसोबत रंगीत चिनी भांडी चालतील, पण शुद्ध निळी नकोत, कारण निळ्याचा परिणाम कागदावर जवळजवळ पांढऱ्याइतक्याच वेगाने होतो. हिरवा मात्र फार मंद. आज आपल्याला कारण माहीत आहे. त्याच्या कागदावरची चांदीची संयुगं निळ्या-जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील होती, हिरव्याला फारच कमी. पण कपबश्या मांडून, न जमलेलं लिहून ठेवून तो तिथवर पोचला. छायाचित्रांच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एकात फोटोशेजारी 'हे का येत नाही' हे छापलेलं आहे. आपल्या निबंधांना हे अजून नीट जमत नाही.

दुसरा एडवर्ड वेस्टन. १९३० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्मेल इथे त्याने काढलेला ढोबळ्या मिरचीचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. पिळदार, चकचकीत, दंड वळवून बसलेल्या माणसासारखी मिरची. भोवती अंधार. या फोटोवर खूप लिहिलं गेलंय, बहुतेक सगळं रूप आणि सौंदर्याबद्दल. मी त्याचं नाव वाचते, 'पेपर नंबर ३०'. तीस! मिरच्यांचे फोटो तो आधीपासून काढत होता. कधी मागे कापड, कधी पांढरा पुठ्ठा. समाधान होत नव्हतं. मग त्याने मिरची आडव्या ठेवलेल्या पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली आणि पत्र्यावरून परतलेल्या उजेडाने तिच्या कडा उजळल्या. हे सगळं त्याच्या दैनंदिनीत नोंदलेलं आहे. काम झाल्यावर मॉडेल खाऊन टाकण्याबद्दलचा विनोदही त्यात आहे. वेस्टन स्वभावाने फिश्ली-वाइस यांच्यासारखा मिश्कील नाही. तो भलताच गंभीर आहे, कधीकधी जरा जास्तच. पण मिरची नरसाळ्यात ठेवून बघणं हा खेळच, आणि क्रमांक टाकणं ही खेळाची वही.

तिसरी जॅन ग्रूव्हर, अमेरिकन. मूळची चित्रकार. सुरुवातीला ती रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे फोटो घ्यायची. १९७८ च्या सुमारास ती स्वयंपाकघरातल्या सिंककडे वळली. काटे, सुऱ्या, केकचे साचे, पानं, पाणी, सगळं अगदी जवळून आणि रंगीत. धातूला स्वतःचा असा रंग फारसा राहत नाही, तो शेजाऱ्याचा रंग उचलतो. त्यामुळे तिच्या फोटोत वस्तू कुठे संपते आणि प्रतिबिंब कुठे सुरू होतं हे चटकन कळत नाही. 'एक्विलिब्र'ची एक उणीव इथे उघडी पडते. फिश्ली-वाइस यांना वस्तूच्या पृष्ठभागात फारसा रस नाही. त्यांच्या लेखी बाटली म्हणजे वजन आणि उंची. त्यामुळे काही फोटोंतला विनोद एकदा कळला की पुन्हा बघायला फारसं उरत नाही. ग्रूव्हरच्या सिंकमध्ये विनोद नाही, पण दहाव्यांदा बघितलं तरी नवी कड सापडते. खेळायला चपळाई लागते तसा संथपणाही लागतो, हे तिच्याकडून शिकावं.

या चौघांना शेजारी ठेवून मला जे दिसतं ते असं. खेळ म्हणजे मोकाट सुटणं नव्हे. लगोरी आठवा. सात ठिकऱ्या, एक चेंडू, रचायचं आणि रचताना चेंडू चुकवायचा. नुसती रचलेली लगोरी बघायला कुणी मैदानात जमत नाही. नियम असतो, पडण्याची खरी शक्यता असते, आणि किती वेळा पडली हे सगळ्यांच्या ध्यानात असतं, नाहीतर भांडण! यातलं एक जरी काढलं तरी खेळ मोडतो. घरी वस्तूंचे फोटो काढणं हा खेळ आहे की नुसता वेळ घालवणं, हे ठरवायची माझी कसोटी सोपी आहे. पुढच्या फोटोला मागच्या फोटोबद्दल काही माहिती आहे का? असेल तर खेळ चालू आहे.

'पण वही काढली की मजाच जाते,' असं माझी एक मैत्रीण म्हणते. भीती खरी आहे. प्रत्येक छंदाला 'याचा फायदा काय' असं विचारायची सवय आपल्याला लागलीच आहे, आणि मला छंदाची प्रयोगशाळा करायची नाही. पण किसणीच्या बाबतीत मजा कधी गेली, ते मला पक्कं आठवतं. त्या तासाभरात ती गेली नव्हती. छान फोटो निवडायला बसले, म्हणजे दुसऱ्यांना काय आवडेल याचा विचार सुरू झाला, त्या क्षणी गेली. वही मजा मारत नाही. स्टेटस मारतं.

करून बघायचं असेल, तर एका रविवारची दुपार द्या. वस्तू एकच घ्या, स्टीलची वाटी उत्तम. खिडकी एकच. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून पक्का करा. मग पडद्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. हे महत्त्वाचं आहे, कारण फोन स्वतःच उजेड कमी-जास्त करत राहतो. तुम्ही एक गोष्ट बदलता आणि तो न सांगता दुसरी बदलतो. प्रयोगशाळेतलं 'ऑटो'चं बटणही हेच करतं, म्हणून ही सवय आत्ताच लागू द्या. आता दरवेळी एकच गोष्ट बदला. वाटीमागे काळा कागद, मग पांढरा. खिडकीवर बटर पेपर, मग नाही. बाजूला थर्माकोलचा तुकडा, मग नाही. वाटीत तुमचं स्वतःचं प्रतिबिंब येईल. ते घालवायचा प्रयत्न करा, जमणार नाही, आणि का जमत नाही ते लिहा. वीस फोटो. एकही पुसायचा नाही. प्रत्येकाखाली एक ओळ: काय बदललं, काय होईल वाटलं होतं, काय झालं.

यातून तुम्हाला पीएचडीचा विषय मिळणार नाही. पण मुलाखतीत कुणी विचारलं, 'प्रयोग फसला तर काय कराल?', तर पाठ केलेल्या उत्तराऐवजी सांगायला स्वतःची वाटी असेल.

माझ्या टेबलाच्या खणात आता मिठाईचा एक रिकामा खोका आहे. त्यात तडा गेलेल्या पट्ट्या, प्रत्येकीवर तारीख, जाडी आणि त्या दिवसाची आर्द्रता. तडे बहुतेकदा कडेकडून सुरू होतात असं आत्तापर्यंत दिसतंय. बहुतेकदा, नेहमी नाही. नेहमी का नाही, ते अजून कळलेलं नाही.

आणि हो, किसणी मी येताना घेऊन आलेय. आईने नवी घेतली.